मुंबई की पणजी? दाभोळच्या समलिंगी प्रवाशापुढचा आठवडाभराच्या सुटीचा प्रश्न

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तिथे, तिच्या उत्तर काठावर वसलेले दाभोळ हे आज दापोली तालुक्यातले एक शांत बंदरगाव असले, तरी मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होत असे. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात अरबस्तान-इराणशी होणारा व्यापार येथून चाले, रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात मायदेशी परतताना याच बंदरातून जहाजात बसला, आणि विसाव्या शतकात मुंबईहून पणजीला किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी आगबोट दाभोळला थांबत असे. उत्तरेची मुंबई आणि दक्षिणेची पणजी ही दोन्ही शहरे त्यामुळे दाभोळच्या माणसाला परकी नाहीत. एक पोटापाण्याचे, दुसरे पाहुणा म्हणून जाण्याचे, एवढाच काय तो फरक पिढ्यान्‌पिढ्या मानला गेला.

सुटीसाठी या दोहोंपैकी कोणते शहर निवडावे, हे बहुतेक कुटुंबे खर्च, खाणेपिणे आणि मुलांची हौस यांवरून ठरवतात. समलिंगी व्यक्तीला, म्हणजे ज्या पुरुषाला पुरुषाविषयी किंवा ज्या स्त्रीला स्त्रीविषयी प्रेम आणि शारीरिक ओढ वाटते अशा व्यक्तीला, त्याआधी आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात: जोडीदाराबरोबर जोडीदारासारखे वागता येईल का, खोली देताना कोणी अडवेल का, आणि ओळखीचे कोणी भेटलेच तर गावात काय बातमी पोहोचेल. गावात वर्षभर केवळ मित्र म्हणून वावरणाऱ्या दोघांच्या दृष्टीने सुटीचा खरा लाभ स्थळे पाहण्यात नसतो. आपले नाते लपवण्याचे रोजचे कष्ट सात दिवस बाजूला ठेवता येणे, हाच तो लाभ असतो. म्हणूनच हा विषय चैनीचा समजून दुर्लक्षिण्याजोगा नाही, तो माणसाच्या मनःस्वास्थ्याशी जोडलेला आहे.

पाश्चात्त्य देशांत अशा प्रवासाला स्वतःचा इतिहास आहे आणि समलिंगी प्रवाशांसाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८३ मध्येच स्थापन झाली. या इतिहासात एक रचना वारंवार दिसते, ती म्हणजे एक महानगर आणि त्याच्या आवाक्यातले समुद्रकाठचे छोटे ठिकाण यांची जोडी: न्यूयॉर्क आणि फायर आयलंड, बॉस्टन आणि प्रोव्हिन्सटाउन, बार्सिलोना आणि सिजेस. महानगरात संस्था, मोर्चे, चित्रपट महोत्सव आणि रात्रीची ठिकाणे असतात. छोट्या ठिकाणी विसावा असतो. मुंबई आणि पणजी यांची तुलना याच चौकटीत करता येते, मात्र कोकणातल्या माणसाच्या बाबतीत तिच्यात एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागते, आणि ती पुढे पाहायची आहे.

कायदा कुठवर सोबत करतो

दोन्ही शहरांना लागू होणारा केंद्रीय फौजदारी कायदा एकच आहे. ब्रिटिशांनी १८६० मध्ये केलेल्या भारतीय दंड संहितेच्या ३७७व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना गुन्हा ठरवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीच्या खासगी संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही. तेव्हा दोन प्रौढ पुरुष किंवा दोन प्रौढ स्त्रिया परस्परसंमतीने एका खोलीत राहत असतील, तर त्यात कोणताही गुन्हा घडत नाही, हे प्रवाशाने आणि खोली देणाऱ्यानेही पक्के लक्षात ठेवावे.

गुन्हा नसणे आणि नात्याला मान्यता असणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला, त्यामुळे प्रवासात जोडीदार आजारी पडला तर दवाखान्यात दुसऱ्याला नातलगाचे स्थान कायद्याने मिळत नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खाते यांसारख्या मर्यादित बाबतींत काही स्पष्टीकरणे दिली. पण दवाखान्याच्या दारात ती पुरेशी पडतीलच असे नाही. म्हणून दूरच्या शहरी जाताना दोघांनी एकमेकांचे नाव आणि फोन क्रमांक 'तातडीच्या प्रसंगी संपर्क' म्हणून लिहून जवळ ठेवणे, तसेच विश्वासातल्या एका तरी व्यक्तीला आपला ठावठिकाणा सांगून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मुंबई : संघटित समाजाचे शहर

भारतातल्या समलिंगी समाजाच्या सार्वजनिक जीवनाचा मोठा भाग मुंबईत घडला. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये येथून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, आणि आरोग्य तपासणी, समुपदेशन व कायदेविषयक मदत अशी तिची कामे सांताक्रूझच्या वाकोला भागातून वर्षानुवर्षे चालली. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून शहरातली पहिली क्वीअर आझादी यात्रा निघाली; क्वीअर हा शब्द समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर अशा सर्वांना एकत्र सामावून घेण्यासाठी वापरला जातो. पुढे ही यात्रा हिवाळ्याच्या अखेरीस, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत निघू लागली. श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'कशिश' हा चित्रपट महोत्सव मे-जूनच्या सुमारास भरतो आणि अनेक वर्षे तो मरीन लाइन्सच्या लिबर्टी या जुन्या चित्रपटगृहात झाला.

या घटनांचे मोल तारखांपेक्षा अनुभवात अधिक आहे. दाभोळ किंवा दापोलीत ज्याने स्वतःसारखा दुसरा माणूस आयुष्यात उघडपणे पाहिलेला नाही, तो लिबर्टीच्या प्रशस्त प्रेक्षागृहात शिरतो, तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवर पांढऱ्या केसांचे जोडपे, मुलाला सोबत करायला आलेली आई, कॉलेजातली मुले आणि कार्यालयातून थेट आलेले नोकरदार त्याला एकाच वेळी दिसतात, आणि आपण एकटे नाही ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगावी लागत नाही. मराठीपुरते बोलायचे तर ही जाणीव साहित्य-चित्रपटांनीही दिली आहे: विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी, आणि २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा चित्रपट, ज्यात मुंबईत राहणारा नायक वडिलांच्या दुखवट्यासाठी गावी जातो. पुस्तकात किंवा पडद्यावर भेटलेली माणसे प्रत्यक्षात भेटण्याची शक्यता मुंबईत सर्वाधिक आहे, आणि तेच या शहराचे खरे सामर्थ्य आहे.

मुंबईतले कोकण

आता ती दुरुस्ती. मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवतो आणि म्हणून मोकळा होतो, हा जगभरचा अनुभव विदर्भातून किंवा बिहारमधून आलेल्या तरुणाला मुंबईत खराही ठरतो. रत्नागिरी जिल्ह्याचे तसे नाही. गिरण्यांच्या काळापासून येथली घरेच्या घरे मुंबईवर उभी राहिली. गिरगाव, लालबाग, परळपासून विरार, डोंबिवली, दिव्यापर्यंत चाकरमान्यांची वस्ती पसरली, आणि कितीतरी गावांची ग्रामस्थ मंडळे मुंबईत नेमाने सभा घेतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख भरली. परंतु दाभोळच्या माणसाला त्या सव्वा कोटींची भीती नसते, त्यांतल्या आपल्या वाडीच्या चाळीस-पन्नास माणसांची असते.

ही अडचण लॉजच्या टेबलापाशी अगदी जवळून दिसते. खोली घेताना प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र मागितले जाते आणि आधार कार्डाच्या मागच्या बाजूला 'मु. पो. दाभोळ, ता. दापोली' असा पत्ता छापलेला असतो. टेबलामागे बसलेला व्यवस्थापक स्वतः खेडचा किंवा गुहागरचा असण्याचा संभव मुंबईत थोडाथोडका नाही, आणि तसे असेल तर कार्ड हातात घेताच तो मनापासून, आपुलकीनेच विचारतो, "दाभोळात कोणाकडचे?" कोकणात हा प्रश्न माणुसकीचा मानला जातो, परंतु एकाच पलंगाची खोली मागणाऱ्या दोघांना त्या क्षणी गाव शहरापर्यंत आपल्यामागे आल्यासारखे वाटते. त्यात भर म्हणून मुंबईला येऊन मामाकडे किंवा आत्याकडे न उतरणे हे घरी समजावून सांगावे लागते, कारण नातलगांची खोली असताना लॉजवर पैसे का घालवले, याचे उत्तर सोपे नसते.

पणजी : निवांतपणाचे शहर

पणजीचे प्रमाणच वेगळे आहे. १८४३ मध्ये पोर्तुगीज गोव्याची राजधानी झालेल्या या शहराची महापालिका हद्दीतली लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४० हजार होती. मांडवीच्या काठाने चालत गेले की कंपालची झाडी, चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी आणि पुढे मिरामारचा किनारा एकाच संध्याकाळी पाहून होतो. फोंताइन्हास आणि मळा या जुन्या वस्त्यांतल्या पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंतींच्या घरांपैकी काही घरांत पाहुण्यांची सोय होते, आणि बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवास करणाऱ्याला तिकीट पडत नाही. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्या माणसाला हे पाणी, हा वेग आणि मराठी-कोंकणी बोलणे सहज परिचित वाटते, आणि तरीही त्या शहरात तो कोणाचाच भाचा किंवा पुतण्या नसतो. देवदर्शनासाठी गोव्यात येणारी कोकणातली कुटुंबे बहुधा मंगेशी, शांतादुर्गा अशा फोंडा तालुक्यातल्या देवळांकडे वळतात, त्यामुळे ओळखीचे कोणी भेटण्याची शक्यता पणजीच्या गल्ल्यांत तुलनेने कमी राहते.

गोव्यात समलिंगी सहजीवनाचे एक ठळक सार्वजनिक उदाहरणही आहे. पद्मश्रीने सन्मानित फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी आपले फ्रेंच जोडीदार जेरोम मारेल यांच्याशी २००२ मध्ये फ्रान्सच्या कायद्यानुसार नागरी भागीदारीचा करार केला, आणि २०२० मध्ये निधन होईपर्यंत ते बार्देश तालुक्यातल्या कोलवाळ गावाशी घट्ट जोडलेले राहिले. देशात ३७७वे कलम पूर्णपणे लागू असताना एका गोमंतकीय गावाने असे घर आपलेसे केले, ही गोष्ट कायद्याच्या पुस्तकाइतकीच बोलकी आहे. मात्र मुंबईसारखे संस्थांचे जाळे पणजीत नाही, मोर्चाचा किंवा महोत्सवाचा तसा आधारही नाही, आणि कळंगुट-बागा पट्ट्यातल्या रात्रीच्या गजबजाटाला पणजी समजून जाणाऱ्याचा अपेक्षाभंग होतो. नोव्हेंबरातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि २०१६ पासून डिसेंबरात भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव येथे मोठी वर्दळ आणतात. परंतु ते सर्वांचे मेळे आहेत, समलिंगी समाजाचे खास नव्हेत.

खोलीची नोंदवही

दोन्ही शहरांत अडचण उद्भवली तर ती बहुधा नोंदवहीपाशीच उद्भवते. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तरीही पोलिसी धाकाचा इतिहास विसरता येत नाही, कारण ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी कितीतरी स्त्री-पुरुष जोडप्यांना ताब्यात घेतले होते आणि त्यावर तीव्र टीका झाली होती. दोन पुरुषांच्या बाबतीत एक विचित्र सोय समाजानेच करून ठेवली आहे: कामासाठी किंवा फिरायला निघालेले दोन मित्र एका खोलीत राहणे सर्वत्र इतके रूढ आहे की सहसा कोणी काही विचारत नाही, आणि संशय आलाच तर तो एकाच मोठ्या पलंगाची मागणी केल्यावर येतो. दोन स्त्रियांना ही सोय नाही. दोघी कोठून आल्या, सोबत कोणी का नाही, घरी ठाऊक आहे का, असे प्रश्न त्यांना घरून निघतानाही आणि खोली घेतानाही ऐकावे लागतात. म्हणून स्त्री-जोडप्याने पर्यटकांना सरावलेल्या, स्त्रिया चालवत असलेल्या किंवा आधी फोनवर बोलून खात्री केलेल्या निवासाला पहिली पसंती द्यावी. मोठ्या हॉटेलांपैकी ललित समूहाचे केशव सुरी हे स्वतः ३७७व्या कलमाविरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक होते, आणि त्या समूहाची हॉटेले मुंबईतही आहेत व दक्षिण गोव्यातही. परंतु त्यांचे दर सामान्य कोकणी खिशाला परवडणारे नाहीत.

ऋतू, प्रवास आणि सावधगिरी

कोकणातल्या नोकरदाराची रजा बहुधा गणपती आणि शिमगा यांतच संपते, आणि त्या दिवसांत गाव सोडणे कोणालाच मानवत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तर नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात गोव्यातले भाडे कडाडते. या दोन्ही गोष्टी टाळून दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ दोन्ही शहरांसाठी उत्तम ठरतो. दाभोळहून खेडला किंवा खाडी ओलांडून चिपळूणला पोहोचले की कोकण रेल्वे दोन्ही दिशांना नेते. मांडवी एक्स्प्रेस आणि कोकणकन्या या गाड्या दोन्ही स्थानकांवर थांबतात, आणि पणजीसाठी जुन्या गोव्याजवळच्या करमळी स्थानकावर उतरणे सोयीचे पडते.

मोबाइलवरच्या ओळखीपाळखीच्या ॲपमधून नव्या माणसाला भेटायचे झाल्यास पहिली भेट गजबजलेल्या हॉटेलात किंवा कॅफेतच घ्यावी, कारण खोलीवर बोलावून छायाचित्रे काढणे आणि घरी कळवण्याच्या धमकीने पैसे उकळणे हे प्रकार देशभर घडले आहेत. अशा वेळी लक्षात ठेवायचे ते एवढेच की, गुन्हेगार धमकी देणारा असतो. खंडणी हा भारतीय न्याय संहितेच्या ३०८व्या कलमाखाली गुन्हा आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. आरोग्याबाबत, एचआयव्हीची तपासणी शासकीय रुग्णालयांतल्या केंद्रांत मोफत आणि गोपनीय होते, आणि संसर्गाची शंका आली तर ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या औषधांनी तो टाळण्याची शक्यता मोठी असते.

दाभोळ आणि आसपासच्या गावांतली असंख्य माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यामुळे दुबईसारखे शहर अनेकांना मुंबईइतकेच जवळचे वाटते; परंतु संयुक्त अरब अमिरातीसह जगातल्या साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत, आणि तेथे सुटी घालवण्याचा बेत करताना ही गोष्ट प्रथम विचारात घ्यावी. उलट थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता आहे, आणि नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली अशी विवाहनोंदणी झाली.

निवड

या सर्वांचा विचार करता निवडीचे सूत्र स्पष्ट होते. जो एकटा आहे, ज्याने आपली ओळख अजून कोणाजवळही उघड केलेली नाही आणि ज्याला आपल्यासारखी माणसे भेटण्याची गरज आहे, त्याने मुंबई निवडावी, तीही यात्रेच्या किंवा महोत्सवाच्या आठवड्यात, आणि उतरण्यासाठी नातलगांच्या वस्तीपासून दूरचे उपनगर पाहावे. ज्या दोघांना एकमेकांची सोबत मिळालेली आहे आणि जे फक्त निवांतपणाचे भुकेले आहेत, त्यांच्यासाठी पणजी अधिक योग्य आहे. दाभोळच्या जोडप्यापुरता निर्णय द्यायचा झाला, तर पहिली सुटी पणजीत घालवावी आणि मुंबई पुढच्या खेपेला पाहावी, हेच इष्ट.

तरीही हा निर्णय अपुराच राहतो, कारण आपल्या माणसाबरोबर आठवडाभर सुखाने राहण्यासाठी कोणालाही जिल्हा सोडावा लागू नये. दाभोळ, कोळथरे, लाडघर, कर्दे, मुरूड या किनाऱ्यावर आज घरोघरी पर्यटकांची सोय होते आणि ती चालवणारी माणसे पाहुणचारात कोणाला हार जाणारी नाहीत. त्यांना एवढीच विनंती आहे की, नोंदवहीत ओळखपत्राचा क्रमांक अवश्य लिहावा, दोन पाहुण्यांमधल्या नात्याची चौकशी मात्र करू नये, आणि जेवणाच्या पानावर जी अगत्याची वागणूक इतर जोडप्यांना मिळते तीच या दोघांनाही द्यावी.